लाल तेलाची डीएस : एका जुन्या सिट्रोएनच्या दुरुस्तीचा अनुभव

न्यू जर्सीत १९६८ सालची सिट्रोएन डीएस २१ ही जुनी फ्रेंच मोटारगाडी रस्त्यावर आणायचे ठरवले, तेव्हा इंजिनाआधी तेलाचा प्रश्न समोर आला. या गाडीला पोलादी स्प्रिंगा नाहीत. नायट्रोजन भरलेले गोळे आणि दाबाखालचे तेल तिला तोलून धरतात, आणि ब्रेकही त्याच तेलावर लागतात. कंपनीने १९६७ च्या मॉडेलपासून इतर देशांत हिरवे खनिज तेल आणले, पण अमेरिका व कॅनडात तिथल्या नियमांमुळे जानेवारी १९६९ पर्यंत जुने लाल तेलच राहिले. एका जातीचे तेल दुसऱ्या जातीच्या गाडीत गेले, तर आतली सगळी सीले, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, अल्पावधीत निकामी होतात.

लाल तेलाचे भाग कारखान्यातून काळ्या रंगात येत, हिरव्या तेलाचे हिरव्या रंगात. माझ्या गाडीतला एक काळा गोळा नखाने खरवडला, तर खाली हिरवा रंग निघाला. त्यानंतर रंगावर विसंबणे सोडले आणि सगळे गोळे व सीले नवी घालायची ठरवली.

लाल तेल हवेतला ओलावा शोषते आणि नळ्या आतून गंजतात, म्हणून संपूर्ण यंत्रणा हिरव्या तेलावर न्यावी, असे अनेक जाणकारांनी सुचवले. सल्ला व्यवहाराचा होता, तरीही मला तो पटला नाही. इतर देशांतल्या डीएसचे वळणाबरोबर फिरणारे, काचेमागचे पुढचे दिवे तेव्हा इथल्या नियमांत चालत नसत, म्हणून या गाडीला चार उघडे, स्थिर दिवे आहेत. लाल तेलही त्याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो पुसला तर या गाडीचे अमेरिकी रूप राहणार नाही.

मग नळ्या उतरवून अल्कोहोलने धुतल्या, दाबाच्या हवेने कोरड्या केल्या, गंजलेल्या बदलल्या. सीले युरोपातून मागवली. तेल भरल्यावर प्रत्येक जोडाला टिपकागद गुंडाळला, कारण बारीक गळती डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर गुलाबी डाग उमटतो. मागच्या उजव्या चाकापाशी तसा डाग दिसला. जोड उघडून नवे सील बसवल्यावर कागद कोरडा राहिला. इंजिन चालू केले, तेव्हा आधी मागचा भाग वर आला आणि मग पुढचा, अगदी डीएसच्या रीतीप्रमाणे.

आता तेल ठरावीक काळाने बदलतो, आणि बॉनेटखाली ‘फक्त लाल तेल’ अशी ठळक पट्टी लावली आहे.