इगुमेनित्सा ते ब्रिंडिसी, रात्रीची फेरी: बर्थ नक्की झाल्याशिवाय ट्रक रॅम्पवर घालू नका

ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदरातून इटलीच्या ब्रिंडिसीला ट्रक फेरीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या जहाजाने जातात. डिस्पॅचर (कंपनीत ट्रकचं नियोजन करणारा) फोनवर "केबिन आहे" म्हणतो तेव्हा त्याला स्वतःलाच नक्की माहीत नसतं. ट्रकच्या तिकिटात 'ड्रायव्हरसह' असतं, आणि त्या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी बसतात: दरवाजा, बाथरूम आणि बिछाने असलेली केबिन, नुसत्या बर्थची सामायिक खोली, किंवा हॉलमधली मागे झुकणारी खुर्ची. ही खुर्ची म्हणजे शिवनेरीची सीट, त्यापलीकडे काही नाही. रात्रभर दिवे चालू, टीव्ही चालू, सगळ्यांची ये-जा चालू. तिच्यावर झोप होत नाही आणि कायद्याने ती बिछाना धरली जात नाही.

लिथुआनिया, पोलंडच्या कंपन्यांत आता भारतातून गेलेले बरेच ड्रायव्हर आहेत. ट्रक, परवाना, टॅकोग्राफ (गाडी चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळा नोंदणारं यंत्र) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय. फेरीची रात्र कशी घालवायची हे मात्र कोणी शिकवत नाही.

प्रवास साधारण ८ ते ९ तासांचा, बहुतेक फेऱ्या रात्री उशिरा सुटणाऱ्या. रोजची पूर्ण विश्रांती ११ तासांची, म्हणजे नुसत्या जहाजावर ती पुरी होतच नाही. युरोपियन नियम ५६१/२००६ मधलं कलम ९ इथे उपयोगी पडतं. फेरीवर घेतलेली ११ तासांची विश्रांती जास्तीत जास्त दोनदा तोडता येते, दोन्ही मिळून १ तासापेक्षा जास्त नाही, आणि अट अशी की झोपायला केबिन, बंक (एकावर एक बिछाना) किंवा कुशेट (सामायिक खोलीतला बर्थ) मिळालेलं हवं. ही अट सुटली की सवलतही गेली.

उदाहरण घ्या, सगळी वेळ ग्रीसची. रात्री ९ ला बंदराच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि विश्रांती सुरू केली. ११ ला बोलावणं आलं, ११:२५ ला ट्रक डेकवर उभा. सकाळी ९ ला ब्रिंडिसी. आधीचे २ तास आणि जहाजावरचे ९ तास ३५ मिनिटं मिळून ११ तास ३५ मिनिटं झाली, मधला खंड २५ मिनिटांचा. उतरलात की थेट रस्त्याला लागा. आता दुसरी बाजू. ११ वाजता धावतपळत बंदरात पोचलात आणि सरळ रॅम्पवर गेलात, तर हातात ९ तास ३५ मिनिटंच. ती ९ तासांची कमी केलेली विश्रांती म्हणून चालते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तशी फक्त तीनदा घेता येते, आणि ती मध्ये तोडायची मुभा नाही. तीन वापरून झाल्या असतील तर ब्रिंडिसीला उतरून उरलेला दीड तास बंदरातच उभं राहा. म्हणून बंदरात दोन तास आधी पोचा. बाकी कुठलीही युक्ती याच्या जवळपास येत नाही.

सगळ्यात वाईट टप्पा समुद्राचा नाही. रॅम्पपासून केबिनच्या किल्लीपर्यंतचा आहे, आणि चुका होतात त्या इथेच.

अनेक जहाजांवर ट्रक मागे घेत चढवावे लागतात. डेकवरचा माणूस हातवारे करतो, शिट्टी मारतो, आरसा भिंतीपासून वीतभर राहतो. फक्त त्याच्याकडे बघा, बाजूचा ड्रायव्हर ओरडत असेल तर ओरडू दे. जागेवर आलात की गिअर, पार्किंग ब्रेक, आणि एअर सस्पेन्शन खाली. हे विसरलात तर साखळ्या आवळल्यानंतर हवा कमी होते, गाडी बसते, साखळ्या सैल पडतात आणि लाटेत ट्रेलर हलायला लागतो. ट्रकच्या केबिनमधल्या हालचालीवर वाजणारा अलार्म बंद करा, नाहीतर रात्रभर वाजून बॅटरी उतरवेल. रेफर (थंड मालाचा ट्रेलर) असेल तर जहाजाच्या विजेवर लावून घ्या आणि युनिटचं डिझेल बंद झालंय हे स्वतः बघा. प्लग लावला म्हणून सांगतात, पण वीज आली की नाही हे युनिटच्या डिस्प्लेवरच कळतं.

मग टॅकोग्राफ. उतरण्याआधीचं हे एक मिनिट पुढच्या दंडापासून वाचवतं. गाडी चालून थांबली की यंत्र आपोआप दोन हातोड्यांवर, म्हणजे 'इतर काम'वर जातं. इग्निशन बंद केल्यावर पलंगाच्या खुणेवर, म्हणजे 'विश्रांती'वर जाण्याची सेटिंग काही गाड्यांत असते, पण तुमच्या गाडीत आहे असं गृहीत धरू नका. बटण दाबून पलंगाची खूण आणा, मेनूतून फेरीची नोंद टाका, स्क्रीनवर दोन्ही दिसतायत हे वाचा, मगच दरवाजा उघडा. न बघता वर गेलात तर सगळी रात्र कामात मोजली जाते. डेकला कुलूप लागतं, जहाज सुटल्यावर कोणी खाली सोडत नाही. तसं झालंच तर सकाळी प्रिंट काढून मागच्या बाजूला कारण लिहा, सही करा आणि केबिनचा कागद त्याला जोडा.

दोन ट्रकांच्या मध्ये दरवाजा जेमतेम अर्धा उघडतो. मोठी बॅग आधी बाहेर टाका, मग स्वतः. जिना उभा आणि तेलकट असतो, चप्पल घालून चढू नका. डेकचा आकडा आणि जिन्याची खूण मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सकाळी सगळे जिने सारखेच दिसतात. वर नेण्याच्या बॅगेत पासपोर्ट, निवासपत्र, ड्रायव्हर कार्ड सोडून बाकी कागद, औषधं, पाणी, चार्जर, कानात घालायचे बोळे, टॉवेल, स्वतःची चादर आणि एक स्वेटर. एसी बंद करता येत नाही. काही खाली राहिलं तर ते सकाळपर्यंत नाही.

रिसेप्शनवर सगळे ड्रायव्हर एकदमच पोचतात. सांगायचं एवढंच: आतली केबिन, खालचा बर्थ, शक्यतो जहाजाच्या मधल्या भागात. पुढच्या टोकाला हेलकावे जास्त, मागे इंजिनाचा आवाज. चार बर्थमध्ये तीन अनोळखी माणसं असतील याची तयारी ठेवा. एकट्याला केबिन हवी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच मागा. जहाजावर मागितली तर सांगतील तो भाव द्यावा लागतो, आणि तो कमी कधीच नसतो. दिलेच पैसे तर ट्रकच्या नंबरासह पावती घ्या. केबिन नंबरचा कागद ५६ दिवस जपा, कारण रस्त्यावरच्या तपासणीत आता मागच्या ५६ दिवसांच्या नोंदी मागतात. ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती फेरीला जोडणार असाल तर नियम आणखी कडक आहे: वेळापत्रकात प्रवास किमान ८ तासांचा हवा आणि केबिनच हवी, कुशेट चालत नाही. तेवढी विश्रांती ट्रकमध्ये घेता येतच नाही, आणि ट्रकबाहेर राहण्याचा खर्च मालकाचा असतो. तो तुमच्या पगारातून कापू देऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. खाली ट्रकमध्ये झोपू नका. केबिन घाणेरडी आहे, कोणीतरी घोरतंय, आपला बिछाना स्वच्छ आहे, ही कारणं सगळी खरी आहेत, तरीही नाही. १८ फेब्रुवारी २०२२ ला याच मार्गावर 'युरोफेरी ऑलिंपिया' हे जहाज ग्रीसच्या कोर्फू बेटाजवळ पहाटे पेटलं. ११ माणसं गेली, ती ट्रकचालक होती. वरच्या केबिनमधली गर्दी आणि अस्वच्छता टाळायला काही जण ट्रकमध्येच झोपत, असं नंतर चालकांकडूनच पुढे आलं. त्याआधी २८ डिसेंबर २०१४ ला पात्रासहून अँकोनाला निघालेल्या 'नॉर्मन अटलांटिक'वर आग लागली तीही वाहनांच्या डेकवरच. बंद डेकवर धूर काही मिनिटांत भरतो, रांगांमधल्या फटीतून अंधारात जिना सापडत नाही, आणि तुम्ही खाली आहात हे वरच्या कोणालाच ठाऊक नसतं. उन्हाळ्यात ग्रीस-इटली मार्गावर काही जहाजांवर मोटरहोमवाले उघड्या डेकवर आपल्याच गाडीत झोपलेले दिसतात. ती त्यांच्यापुरती, ठरावीक डेकवर दिलेली परवानगी आहे, ट्रकला लागू नाही.

केबिन खरंच राहण्यासारखी नसेल तर रिसेप्शनवर उभं राहून बदलून मागा, हलू नका. दुसरी नाही म्हणाले तर फोटो काढा, डिस्पॅचरला त्याच वेळी पाठवा, आणि वरच झोपा. हॉलच्या फरशीवर चादर टाकलीत तरी ती जागा डेकपेक्षा सुरक्षित आहे. विश्रांतीचा हिशोब बिघडेल, तो जमिनीवर उतरून भरून काढता येतो.

पैशांची दुसरी गळती मोबाइलची. किनारा सुटला की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो, आणि युरोपातलं घरच्या दरातलं रोमिंग त्याला लागू नाही. रॅम्पवरच एअरप्लेन मोड लावा, अलार्म त्यातही वाजतो. जेवणाचं कूपन तिकिटात आहे का हे किल्ली घेतानाच विचारा. शाकाहारी असाल तर पास्ता, सॅलड, पावापलीकडे फार मोजू नका, बंदराबाहेरून पालकाची स्पानाकोपिता घेऊन ठेवा.

हिवाळ्यात दक्षिणेचा वारा असेल तर ओट्रांटोच्या सामुद्रधुनीत जहाज चांगलंच डोलतं. उलटीची गोळी घ्यायची तर निघण्याआधी, जेवल्यावर. मध्यरात्रीनंतर घेऊ नका. डायमेनहायड्रिनेट किंवा सिनारिझिनची गुंगी सकाळी स्टीअरिंगवर उतरते.

इटलीचं घड्याळ ग्रीसच्या एक तास मागे. मोबाइलला जहाजावर वेळ आपोआप मिळत नाही, त्यामुळे अलार्म कोणत्या वेळेचा लावलाय हे झोपण्याआधी तपासा. टॅकोग्राफ आत जागतिक वेळच धरतो, त्याला हात लावायचा नाही. बंदर यायच्या तासभर आधीच घोषणा सुरू होतात आणि सफाईवाले दार ठोठावतात. उठा, आवरा, पण डेक उघडल्याची घोषणा होईपर्यंत जिन्यात गर्दी करू नका, तिथे नुसता धूर खावा लागतो. ट्रकजवळ गेल्यावर आधी साखळ्या सुटल्यात का ते चारी बाजूंनी बघा, रेफरचा प्लग निघालाय का ते बघा, मग सस्पेन्शन वर घ्या. प्लग लावलेला असताना गाडी हलवली तर केबल तुटते आणि तिची भरपाई तुमच्याकडून मागतात.