किराणा यादीतील एक ओळ

दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास मी किराणा मालाची यादी करायला बसते, आणि त्या यादीत ‘चहा मसाला, एक डबी’ ही ओळ गेली चार-पाच वर्षे न चुकता येत होती. गेल्या महिन्यात मात्र स्वयंपाकघरातील फडताळ पुसताना अशा तीन डब्या एकामागे एक सापडल्या. तिन्ही अर्धवट वापरलेल्या होत्या आणि झाकण उघडल्यावर तिन्हींना जवळपास एकच वास येत होता, बंद राहिलेल्या जुन्या कपाटाचा. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब सांभाळते, त्यामुळे पडून राहिलेला माल दिसला की मला स्वस्थ बसवत नाही. आपल्या घराला नेमका कोणता मसाल्याचा चहा हवा आहे हे एकदाचे ठरवावे म्हणून मी पंधरा दिवस रोज संध्याकाळी वेगळ्या पद्धतीने चहा केला आणि मापे वहीत लिहून ठेवली. “अगं, चहाची कसली आलीये परीक्षा?” असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, परंतु चव पाहायला त्या रोज वेळेवर हजर असत.

मसाल्याकडे वळण्याआधी पाण्याचा निकाल लावणे भाग होते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून उजनी धरणाचे पाणी साठवून पिण्यापुरते वापरायचे आणि बाकीची कामे बोअरच्या पाण्यावर उरकायची, अशी आमच्या वसाहतीतील बहुतेक घरांची रीत आहे. घाईत चहाचे आधणही पुष्कळदा बोअरच्याच पाण्याचे ठेवले जाते. पहिल्या संध्याकाळी मी दोन पातेल्यांत दोन्ही पाण्यांचा, एकाच मापाचा चहा केला, तेव्हा बोअरच्या पाण्याचा चहा मळकट तपकिरी झाला आणि दूध घालण्याआधीच त्यावर एक पातळ, चकचकीत पापुद्रा धरला. जड पाण्यातील कॅल्शियम आणि चहातील घटक एकत्र येऊन तो तयार होतो. अशा पाण्यात कितीही उंची वेलची घातली तरी ती वायाच जाते. तेव्हापासून चहासाठी एक लहान कळशी मी वेगळी भरून ठेवते.

पत्तीबाबत फार घोळ घालण्याचे कारण नाही. मसाल्याच्या चहाला दाणेदार सीटीसीच हवी. पाने चिरडून, फाडून, वळवून बारीक गोळ्या करण्याची ही यंत्रपद्धत १९३०च्या दशकात आसाममध्ये निघाली, आणि दूध, साखर, आले या सगळ्यांना पुरून उरेल असा कडकपणा याच गोळ्यांत असतो. दार्जिलिंगच्या अख्ख्या पानाच्या चहात लवंग टाकणे म्हणजे पैठणी नेसून भांडी घासण्यापैकी आहे. चार कपांसाठी माझे माप पुढीलप्रमाणे ठरले: अडीच कप पाणी, दीड कप म्हशीचे दूध, चार लहान चमचे पत्ती. मसाल्यांतील सुगंधी तेले स्निग्धांशात चांगली उतरतात, म्हणून दूध म्हशीचे आणि साय न काढलेले.

आल्याचा चहा हा आमच्या घरचा रोजचा चहा, आणि तरीही तो मला नीट करता येत नव्हता, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी बार्शीहून मामेसासरे अचानक आले, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी मी कोमट होत आलेल्या दुधातच आले किसून टाकले आणि दोन मिनिटांत पातेल्यात चोथा आणि पाणी वेगळे झाले. पाहुण्यांना लिंबाचे सरबत द्यावे लागले. मी दूधवाल्याला दोष दिला आणि पुढचे दोन दिवस त्याच्याशी तुटकपणे बोलले, जे आता आठवले की ओशाळल्यासारखे होते, कारण त्याचे दूध चांगलेच होते. आल्यात झिंजिबेन नावाचे, प्रथिने तोडणारे एन्झाइम असते आणि ते कोमट-गरम दुधात सर्वांत जोमाने काम करते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तर आल्याच्या रसाने दूध मुद्दाम घट्ट करून त्याचा गोड पदार्थ करतात. उकळत्या पाण्यात हे एन्झाइम निकामी होते. म्हणून आले थंड पाण्यातच घालावे, पाणी खळखळून दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे, मग पत्ती आणि सर्वांत शेवटी दूध, हा क्रम वाडवडिलांच्या हातात बसलेला होता, तो मी घाईत मोडला होता. किसण्यापेक्षा खलबत्त्यात ठेचलेले आले मला पसंत पडले. किसलेल्या आल्याचा तिखटपणा जिभेच्या टोकाशी बोचतो आणि त्याच्या शिरा गाळणीत अडकतात. ठेचलेल्या आल्याची चव मात्र चहाभर सारखी उतरते.

वेलचीचा क्रम याच्या अगदी उलट आहे. तिचा सुगंध उडून जाणारा, त्यामुळे सुरुवातीपासून उकळलेली वेलची स्वयंपाकघर दरवळून टाकते आणि कपात काहीच ठेवत नाही. चार कपांना दोन वेलच्यांचे दाणे चिमूटभर साखरेबरोबर कुटून, गॅस बंद केल्यावर घालावेत आणि मिनिटभर झाकण ठेवावे. साले चहाच्या डब्यात टाकावीत, हे सांगायला नकोच; आमच्या डब्यात पत्तीपेक्षा साले जास्त दिसतात, असे आमचे हे म्हणतात. त्यांचे शिक्षण पुण्यात झालेले असल्यामुळे अमृततुल्य चहाविषयी त्यांना भलता जिव्हाळा आहे. पितळी पातेल्यात दूध, पाणी आणि साखर एकत्र उकळत आहे, त्यात पत्ती आणि ताजे कुटलेले आले-वेलची पडत आहेत आणि फडक्यातून गाळलेला दाट, गोड चहा समोर येत आहे, हे वर्णन मी लग्नापासून ऐकत आले आहे. घरी तसा करून पाहिला, चांगलाही झाला; पण माझ्या मते त्या चहाचे खरे रहस्य गिऱ्हाइकांच्या गर्दीत आहे. तिथे पातेले थोड्या-थोड्या वेळाने रिकामे होते, त्यामुळे वेलची शिळी व्हायला सवडच मिळत नाही. आमच्या घरी तोच चहा अर्धा तास पातेल्यात राहिला आणि पुन्हा गरम केल्यावर निव्वळ खिरीसारखा लागला.

सुंठ-मिरीचा चहा ही सासूबाईंची मक्तेदारी. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, पाहून मंडळी रात्री थंडीत कुडकुडत घरी येतात, तेव्हा त्या हा चहा करतात. सुंठ म्हणजे वाळवलेले आले एवढेच समजून मी एकाच्या जागी दुसरे वापरत असे, ते चूक होते. वाळताना आल्यातील जिंजेरॉल या तिखट घटकाचे शोगाऑल होते आणि ते अधिक जहाल असते. ओल्या आल्याचा तिखटपणा चटकन लागतो आणि चटकन निघून जातो. सुंठेचा घशात उशिरा उतरतो आणि बराच वेळ तिथेच बसून राहतो. त्यामुळे चार कपांना पाव चमचा सुंठ पुरे, मिरे मोजून पाच. मी ऐन उन्हाळ्यातील उतरत्या संध्याकाळी, भिंती अजून तापलेल्या असताना, हाच चहा करून पाहिला आणि सगळ्यांच्या कपाळावर घाम आला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “मे महिन्यात गोधडी पांघरतात का कोणी?”

दालचिनी आणि लवंगेने माझी निराशा केली. किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसियाची, म्हणजे दालचिनीच्या भाऊबंद झाडाची असते. पातळ पापुद्र्यांची सुरळी असलेली सिलोनची दालचिनी वेगळी. दालचिनीची पूड जास्त उकळली की चहा बुळबुळीत होतो, आणि लवंग दोनाची तीन झाली की चहाला दंतमंजनाचा वास येतो. दोन्ही मसालेभाताला शोभतात, तिथेच त्यांनी सुखाने राहावे.

आमच्या शेजारच्या अक्का मूळच्या तेलंगणातल्या. त्यांच्या सासरी तीन पिढ्या विणकामात गेल्या. माझी वही पाहून त्या हसल्या. “वहिनी, आमच्या माहेरी चहात मसाला पडला की लोक समजायचे, आज दूध पातळ आलंय,” असे म्हणून त्यांनी मला हैदराबादी इराणी चहा करून दाखवला: पत्ती घट्ट झाकणाखाली मंद आचेवर मुरवायची, दूध दुसऱ्या भांड्यात आटवायचे आणि दोन्हींची भेट थेट कपात घडवायची. त्यात एकही मसाला नव्हता आणि कशाची उणीवही वाटली नाही. त्याला तास-दीड तास लागतो, कामावरून येणाऱ्या बाईला तो परवडणारा नाही. परंतु मसाला हा पर्याय आहे, सक्ती नाही, हे त्या कपाने मला पटवले. 

उन्हाळ्यासाठी माझी निवड गवती चहाची आहे. कुंडीतील दोन पाती कात्रीने कापून गाठ मारायची, पत्तीबरोबर दोन मिनिटे उकळायची आणि काढून टाकायची. लिंबासारखा वास येतो, पण लिंबाचा आंबटपणा नसल्यामुळे दूध नासत नाही. गुळाचे मात्र तसे नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात आता चौकाचौकांत गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत, म्हणून तोही करून पाहिला. उकळत्या दुधात गूळ पडला तर चहा फाटण्याची शक्यता असते. गॅस बंद करून, उकळी पूर्ण बसल्यावर किसलेला गूळ घातला तर तो निभावतो. आल्याबरोबर तो छान जमतो, वेलचीबरोबर त्याचा मेळ बसत नाही.

आता राहिला डबीतला मसाला. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे हिशेबनिसाच्या नजरेने मी तिन्ही डब्या वाचल्या. दोन डब्यांत सुंठ पहिली, एकीत मिरी पहिली, आणि ज्या वेलचीच्या चित्राने झाकण सजवले होते ती तिन्ही ठिकाणी शेपटाला. शिवाय आले आधी हवे आणि वेलची शेवटी हवी, हे एकदा कळल्यावर सगळे एकत्र दळलेली पूड पातेल्यात नेमकी कधी घालायची, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. आमचे आजेसासरे इथल्या ‘जुनी मिल’ या कापड गिरणीत कामाला होते, त्यामुळे गिरण्यांतल्या चहाविषयी काही दिसले की मी लक्ष देऊन वाचते. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहामळेवाल्यांच्या संघटनेने कारखान्यांत आणि गिरण्यांत चहा पोहोचवण्याची खटपट केली, आणि चहा विकणाऱ्यांनी दूध, साखर, मसाला वाढवून महागडी पत्ती वाचवायला सुरुवात केली, तेव्हा संघटनेच्या मंडळींना ते खटकले, असे वाचल्यावर मला माझ्याच डब्या आठवल्या. पत्ती संपत आली की मसाल्याचा चमचा जरा मोठा भरायचा, हे मीही वर्षानुवर्षे करत होते.

या महिन्याच्या यादीत म्हणून मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिले: आले पाव किलो, हिरवी वेलची २५ ग्रॅम, अख्खी सुंठ ५० ग्रॅम, काळी मिरी ५० ग्रॅम. यादी पिशवीत घालण्यापूर्वी पाहिली तर सुंठेपुढच्या ५० वर काट मारून सासूबाईंनी त्यांच्या कापऱ्या अक्षरात १०० केले होते, आणि कंसात लिहिले होते: गड्ड्यासाठी.