आमची वाटचाल: तीन प्रतींचा हिशेब

सुरुवातीला दुकानात संगणक नव्हता, चिठ्ठी होती. माल आला की प्रत्येक पुस्तकात मलपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी जायची. तिच्यावर नाव, वितरक, आल्याची तारीख आणि एकूण प्रतींपैकी ही कितवी, एवढं लिहिलेलं. पुस्तक विकलं की चिठ्ठी काढून गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायची. रात्री डबा उपडा करून चिठ्ठ्या वितरकवार लावल्या की कुठलं पुस्तक फळीवर 9 दिवस राहिलं आणि कुठलं 190 दिवस, ते समोर दिसायचं. पुढची मागणी त्यावरच ठरायची. पुढे बारकोड आला, 2007 साली आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, 10 अंकांवरून 13 वर गेला, आम्हीही बदललो. काम झटपट झालं, कबूल आहे. पण संगणक शिल्लक 1 दाखवतो आणि ती प्रत कुणीतरी भलत्याच फळीवर खोचलेली असते, म्हणून चिठ्ठी आम्ही बरीच वर्षं सोडली नाही.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुकान बुडायला आलं ते विक्री घटल्यामुळे नाही, परतीच्या मालामुळे. या धंद्यात बिल आज लागतं आणि न खपलेली प्रत मुदतीत परत गेली तरच ते कमी होतं. जादा कमिशनच्या लोभाने हंगामाची मागणी फुगवली की सापळा तयार. आमच्याकडे तेच झालं. न खपलेल्या मालाची खोकी वितरकांकडे गेली आणि खराब प्रती म्हणून निम्मी तशीच परत आली. किंमतीची लेबलं थेट मुखपृष्ठावर लावली होती, ती ओढताना लॅमिनेशन सोलवटलं. काचेजवळच्या पुस्तकांच्या कण्यांचे, म्हणजे बांधणीच्या बाजूचे, रंग उडाले होते. ऊन आधी पिवळा आणि किरमिजी रंग खातं, म्हणून लाल कणा निळसर-करडा दिसतो आणि तपासणारा माणूस तो लांबूनच ओळखतो. काही पुस्तकं खोक्यात उघडी बाजू खाली करून उभी भरली होती. पानांच्या वजनाने बांधणीचा गोंद ओढला जातो आणि पानांचा ठोकळा कण्यापासून सुटतो. परतीची रक्कम जमा झाली नाही, म्हणून थकबाकी वाढली. थकबाकीमुळे नवा माल थांबला. आणि नवं पुस्तक नसलेल्या दुकानात जुनं पुस्तकही कुणी बघत नाही.

त्या वेळी एकच वितरक पाठीशी राहिला. पहिल्या दिवसापासूनचा. त्याने उधारी माफ केली नाही. माल दुरुस्त करायला शिकवलं आणि मुदत वाढवून दिली. लेबलावर हेअर ड्रायरची गरम हवा काही सेकंद द्यायची, कोपऱ्यापासून पृष्ठाला लगटून सावकाश ओढायचं, वर खेचायचं नाही. उरलेला चिकटा कापसावर दोन थेंब रॉकेल घेऊन पुसायचा, पण फक्त लॅमिनेशन असलेल्या मुखपृष्ठावर. साध्या कागदावर तेलाचा डाग कायमचा. मळलेल्या कडा पुस्तक दोन फळ्यांत आवळून बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासायच्या. खोकं भरताना पुस्तकं आडवी, कणे आलटून पालटून, कोपऱ्यांत चुरगळलेला कागद ठासून. नव्याने दुकान काढणाऱ्यांनी (कुणी काढत असेल तर) लेबल मागच्या बाजूलाच लावावं.

साखळी दुकानं आम्हाला गिळणार असं तेव्हा सगळे म्हणत. 2011 साली अमेरिकेतली बॉर्डर्स ही अवाढव्य साखळी स्वतःच बंद पडली. आमच्या मुळावर आली ती इंटरनेटवरची घरपोच विक्री. छापील किंमत 100 धरा. आम्हाला प्रत 65 ला पडते आणि तिकडे गिऱ्हाइकाला 60 ला मिळते. मग लोक आमच्याकडे येऊन पुस्तक चाळतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि जातात. दिवा, भाडं, पुसणं आमचं, विक्री दुसऱ्याची. फ्रान्सने 1981 साली कायदा करून नव्या पुस्तकावरची सूट 5 टक्क्यांवर अडवली. ब्रिटनमधला ठरल्या किमतीला विकण्याचा करार 1990च्या दशकात मोडला. सूट कुठे थांबते, यावर छोटं दुकान टिकतं की नाही हे ठरतं. वाचनसंस्कृतीवरची भाषणं त्यानंतर.

आता लेखकांबद्दल. त्यांना वाटतं, दुकान गेलं तर पुस्तक दुसरीकडून विकलं जाईल. नावाने शोधलं जाणारं पुस्तक जाईलही. अनोळखी लेखकाचं नाव शोधणार कोण? एका पुस्तकाच्या 5 प्रती 40 दुकानांत गेल्या की 200 प्रती लोकांच्या नजरेसमोर असतात. दुकानं 15 उरली की 75. मग प्रकाशक 1000 ऐवजी 300 छापतो. छपाईच्या प्लेटा आणि यंत्र लावण्याचा खर्च तेवढाच असतो, तो कमी प्रतींवर पडतो, किंमत चढते, खप आणखी उतरतो. मागणीनुसार एकेक प्रत छापली तर गोदाम वाचतं, पण ती प्रत कुठल्याच फळीवर नसते.

यात आमचंही पाप आहे. मागच्या पुस्तकाच्या 5 पैकी 3 खपल्या म्हणून पुढच्याच्या 3 मागवल्या. त्यातल्या 2 खपल्या, मग तिसऱ्याच्या 2. लेखक चांगला लिहायला लागेपर्यंत आमची मागणी शून्यावर. खरं म्हणजे 3 प्रती असतील तरच पुस्तक दर्शनी, म्हणजे मुखपृष्ठ समोर करून, लावता येतं. एकटी प्रत कणा दाखवत उभी राहते आणि दिसतच नाही. पण दर्शनी पुस्तकाला 14 सेंटिमीटर जागा लागते, तेवढ्यात 2 सेंटिमीटरचे 7 कणे मावतात. भाडं भरणारा माणूस कणेच लावतो.

करारात मानधन छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर, ते वाचा. 100 च्या पुस्तकावर 10 टक्के म्हणजे 10. तेच पुस्तक निम्म्या सुटीने ठोक गेलं आणि मानधन हाती आलेल्या रकमेवर असेल, तर 5. दुकानांकडे रवानगी म्हणजे विक्री नव्हे, न खपलेल्या प्रती परत येतात. म्हणून परतीपोटी प्रकाशक किती रक्कम राखून ठेवणार आणि किती महिन्यांनी सोडणार, हे लिहून घ्या. पुठ्ठा बांधणी आणि पेपरबॅक यांना वेगवेगळा आयएसबीएन लागतो. जुनाच चिकटवला की संगणकात जुनी शिल्लक दिसते आणि नवी मागणी निघतच नाही. फार बारीक पुस्तकाच्या कण्यावर नाव मावत नाही, तेव्हा कागद जाड घ्या.

काही लेखक दुकानात येतात आणि कुणी बघत नाही असं पाहून आपलं पुस्तक दर्शनी लावून जातात. संध्याकाळी आम्ही ते परत आत सारतो. आणखी दोन प्रती सोबत आणल्या असतील, तर चलनावर सही घेऊन ठेवून घेतो.