बेसिक कॉम्प्युटर कोर्सची फायनल: माझी तयारी

नोट्स वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. नोट्स मिटून कोरी फाइल उघडली की पहिल्याच प्रश्नाला हात थांबतो, कारण कुठला टॅब आणि कुठलं बटण हेच आठवत नाही. म्हणून मी वेळेची वाटणी सरळ केली. एक वाटा थिअरीला, तीन वाटे प्रॅक्टिकलला, आणि त्या तिनांतला मोठा भाग एक्सेलला. वर्डमधली चूक डोळ्यांना दिसते. एक्सेलमधली चूक मात्र नीटनेटक्या आकड्याच्या वेषात बसलेली असते.

सगळ्यात जास्त मार्क डॉलरच्या चिन्हापायी जातात. समजा बी२ ते बी११ मध्ये दहा वस्तूंच्या किमती आहेत आणि ई१ मध्ये सूट आहे, १० टक्के. सी२ मध्ये =बी२*ई१ लिहिलं की उत्तर बरोबर येतं. तोच फॉर्म्युला खाली ओढला की सी३ मध्ये तो =बी३*ई२ होतो. ई२ रिकामा, म्हणून उत्तर शून्य. शून्य आलं तर नशीबच म्हणायचं, निदान चूक कळते. ई कॉलममध्ये खाली दुसरे काही आकडे असतील तर चुकीची पण खरी वाटणारी उत्तरं येतात आणि कुणालाच शंका येत नाही. फॉर्म्युला =बी२*$ई$१ असा हवा. लिहिताना कर्सर ई१ वर असतानाच एफ४ दाबायचं. एकदा दाबलं की कॉलम आणि रो दोन्ही बांधले जातात, दुसऱ्यांदा फक्त रो, तिसऱ्यांदा फक्त कॉलम, चौथ्यांदा डॉलर जातात. बऱ्याच लॅपटॉपवर एफ४ सोबत एफएन की धरावी लागते. परीक्षेच्या मशीनवर काय लागतं ते सुरुवातीच्या मिनिटातच पाहून घ्यावं.

हे पक्कं व्हायला पाढ्यांच्या तक्त्यासारखा दुसरा सराव नाही. ए२ ते ए११ मध्ये १ ते १०, बी१ ते के१ मध्ये १ ते १०, आणि बी२ मध्ये एकच फॉर्म्युला: =$ए२*बी$१. तो आधी उजवीकडे के पर्यंत ओढायचा, मग ती अख्खी ओळ खाली ११ पर्यंत. शंभर उत्तरं एका फॉर्म्युल्यात, आणि के११ मध्ये १०० यायलाच हवेत. नाही आले तर एखादा डॉलर जागा चुकलाय. चुकलेला सेल निवडून एफ२ दाबलं की फॉर्म्युला कुठल्या सेलकडे बघतोय ते रंगीत चौकटींत दिसतं.

दुसरा सापळा सरासरीचा. ४०, ६० आणि एक रिकामा सेल यांची ॲव्हरेज ५० येते, कारण रिकामा सेल मोजलाच जात नाही. तिथे ० टाइप केलं की तीच ३३.३३ होते. प्रश्नात ‘गैरहजर’ म्हटलंय की ‘शून्य गुण’, हे म्हणून नीट वाचावं लागतं. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंटए काहीही भरलेला सेल मोजतं. नावांच्या यादीला काउंट लावलं तर उत्तर शून्य. आणि एखादा आकडा सेलमध्ये आपोआप डावीकडे चिकटलेला दिसला तर तो बहुधा टेक्स्ट म्हणून शिरलाय. सम हे फंक्शन त्याला गाळून बेरीज करतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

इफ (अट तपासणारं फंक्शन) च्या आत इफ लिहिताना मोठी अट आधी. ‘३५ किंवा जास्त असेल तर पास’ पहिल्यांदा लिहिलं तर ९० वालाही तिथेच अडकतो, ‘७५ च्या वर डिस्टिंक्शन’ पर्यंत गाडी पोचतच नाही. शब्द अवतरणचिन्हांत हवेत आणि ती चिन्हं सरळ हवीत. वर्डमध्ये टाइप केलेला फॉर्म्युला उचलून एक्सेलमध्ये चिकटवला तर चिन्हं वळणदार येतात आणि एरर येते. सेलभर हॅशची रांग दिसली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॉलम अरुंद असतो. वर कॉलमचं अक्षर असतं, त्याच्या उजव्या कडेवर डबल क्लिक करा.

सॉर्टबद्दल एकच सांगणं. फक्त गुणांचा कॉलम निवडून सॉर्ट केलं तर एक्सेल विचारतं, निवड वाढवू का. घाईत ‘नको’ म्हटलं की गुण हलतात, नावं जागेवर राहतात. त्या क्षणी कंट्रोल + झेड.

वर्डमध्ये माझा वेळ गेला तो मेल मर्जवर, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने तयार करण्यावर. यादीच्या एक्सेल फाइलची पहिली ओळ म्हणजे मथळेच हवेत: नाव, पत्ता, गुण. वर ‘विद्यार्थ्यांची यादी’ असं सजावटीचं शीर्षक ठेवलं की वर्ड त्यालाच मथळा समजतं. फील्ड घालताना मधली स्पेस विसरली की नाव आणि आडनाव जोडून छापलं जातं, म्हणून प्रीव्ह्यूमध्ये दोन-तीन रेकॉर्ड पुढे-मागे करून बघायचे आणि मगच शेवटचं मर्ज. नवीन पानासाठी एंटर बडवत बसू नये, कंट्रोल + एंटर पुरतं. एकच पान आडवं हवं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक लागतो, नाहीतर सगळी फाइल आडवी होते.

शॉर्टकट पाठ करताना प्रोग्रामसकट पाठ करावेत. कंट्रोल + आर वर्डमध्ये मजकूर उजवीकडे नेतं, एक्सेलमध्ये डावीकडच्या सेलमधलं उजवीकडे भरतं. कंट्रोल + ई वर्डमध्ये मजकूर मध्ये आणतं, एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत फ्लॅश फिल करतं, म्हणजे नमुना ओळखून उरलेले सेल भरतं. पॉवरपॉइंटला एवढं पुरे: ट्रान्झिशन स्लाइडला, ॲनिमेशन स्लाइडवरच्या वस्तूला, एफ५ ने स्लाइड शो सुरुवातीपासून, शिफ्ट + एफ५ ने चालू स्लाइडपासून.

थिअरीत पाठांतर कमी आणि गणित जास्त केलं की बरं पडतं. ८ बिटचा १ बाइट, त्यात ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. म्हणूनच आयपीव्ही४ पत्त्यात (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा चार आकड्यांचा पत्ता, प्रत्येक आकडा एका बाइटचा) ३०० हा भाग कधीच नसतो. १६ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये १४.९ दिसतो, कारण बनवणारा १००० ने मोजतो आणि विंडोज १०२४ ने. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, हा प्रश्न चूक की बरोबर मध्ये हमखास शोभतो.

फाइल जमा करण्याचाही सराव करावा. झिपमधली फाइल नुसत्या डबल क्लिकने उघडून त्यात काम केलं तर सेव्ह करताना अडतं, आधी एक्स्ट्रॅक्ट. एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाच्या शेवटचं .docx, .xlsx) दिसत नसतील तर व्ह्यूमधून दाखवायला लावा. आणि जमा करण्याआधी वर्ड-एक्सेल बंद करा. लपवलेल्या फाइल दिसत असतील तर उघड्या फाइलशेजारी ~$ ने सुरू होणारी, एक केबीहूनही लहान अशी जोडीदार फाइल दिसते. नाव जवळजवळ सारखंच, आत उत्तर काहीच नाही, आणि घाईत तीच अपलोड होते. अपलोडनंतर फाइलचा आकार एकदा बघा.