ग्रीक अक्षरांच्या घरातला खजिनदार

फ्रॅटर्निटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलांची एका घरात राहणारी बंधुमंडळी, म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर लाल प्लास्टिकचे ग्लास आणि गच्चीवरून उड्या मारणारी पोरं येतात. मी अशा एकीत शिरलो, तेव्हा माझ्या नाशिकच्या मामाने तर फोनवर सरळच विचारलं, ''शिकायला गेलायस की प्यायला?'' आईला वेगळीच काळजी. दीक्षाविधीत काय करायला लावतात, ते मी सांगायला तयार नाही म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे. विधी गुपित ठेवायची शपथ असते हे तिला पटत नाही. खरं सांगायचं तर त्यात लपवण्यासारखं फारसं काही नसतं. पण शपथ ती शपथ.

मी असतो अर्बाना-शॅम्पेनला, इलिनॉय विद्यापीठात. शिकागोपासून दक्षिणेला गाडीने अडीच-एक तास, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. फ्रॅटर्निटींची नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून त्यांच्या वस्तीला 'ग्रीक' म्हणतात. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ग्रीक वस्त्यांमध्ये इथली वस्ती मोडते. ग्रीन स्ट्रीटच्या दक्षिणेला चालत गेलं की दारावर अक्षरं लावलेले विटांचे वाडे लागतात. या प्रकाराची सुरुवात 1776 सालची, म्हणजे या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षाची. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' निघाली. ती पुढे हुशार विद्यार्थ्यांची मानाची संस्था झाली, आणि आजच्या वळणाच्या फ्रॅटर्निटी 1825 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झाल्या.

आत शिरायची रीत अशी : सेमिस्टरच्या सुरुवातीला 'रश' असतो. घराघरातून फिरायचं, फुकटचे बर्गर खायचे, शंभर जणांशी हात मिळवायचे. आवडलात तर 'बिड', म्हणजे आमंत्रण. मग काही आठवडे उमेदवारी आणि शेवटी दीक्षा. प्रत्येक नवख्याला एक 'बिग' मिळतो, थोरल्या भावासारखा. माझा बिग दक्षिण इलिनॉयच्या शेतकऱ्याचा मुलगा. थँक्सगिव्हिंगला सगळे घरी गेले, तेव्हा वसतिगृहात एकटा कशाला राहतोस म्हणून मला गावी घेऊन गेला. त्याच्या आजीने मला टर्की वाढली आणि सोयाबीनचा भाव तुमच्याकडे काय, हे विचारलं. मी लातूरला फोन लावून काकांकडून विचारून सांगितला.

दुसऱ्या वर्षी मी घरात राहायला गेलो. अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या, पण झोपायचं सगळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या 'कोल्ड डॉर्म'मध्ये. अंधारी लांबलचक खोली, एकावर एक पलंग आणि जानेवारीतही खिडक्या उघड्या. बाहेर बर्फ. रजईतून फक्त नाक बाहेर ठेवून झोपायला मी शिकलो. जेवण सोमवार ते शुक्रवार आचारी करतो. संध्याकाळची लॅब असेल तर कागदावर नाव लिहून ठेवायचं, तुमचं ताट झाकून फ्रीजमध्ये राहतं. त्याला 'लेट प्लेट' म्हणतात. रात्री दहाला लॅबमधून आल्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावलेलं ताट दिसणं, यासारखं सुख त्या गावात दुसरं नव्हतं.

मग मला खजिनदार केलं, आणि खरी फ्रॅटर्निटी तिथून कळली.

दर रविवारी रात्री सभा, कोट-टाय घालून. ठराव मांडायचा, अनुमोदन, मतदान. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्गणी, नवख्यांकडून धावपळीची कामं : आपल्याकडच्या गणेश मंडळात वाढलेल्याला हे सगळं ओळखीचंच. फरक एकच, पण मोठा. मंडळात वर्गणी दिली नाही म्हणून कोणी तुम्हाला आरतीला उभं राहू नको असं म्हणत नाही. इथे म्हणतात. वर्गणीतून आचाऱ्याचा पगार, राष्ट्रीय कार्यालयाची माणशी फी, इमारतीची डागडुजी आणि विमा निघतो. विमा स्वस्त नसतो, कारण कंपन्यांना अशा घरांचा इतिहास माहीत आहे. रशमध्ये बंधुभावावर तासभर बोलणारी पोरं या आकड्यांवर दोन मिनिटंही बोलत नाहीत.

माझ्या वरच्या पलंगावर झोपणारा एक जण वर्गणीचे दोन हप्ते चुकला. वडिलांची नोकरी गेली होती. आम्ही हप्ते पाडून दिले, तरी जमेना. शेवटी नियमाप्रमाणे सदस्यत्व स्थगित केल्याची मेल मलाच पाठवावी लागली. ती मी खाली बसून लिहिली आणि झोपायला वर त्याच्याच खालच्या पलंगावर गेलो. दोघंही जागे होतो. तो पुढच्या सेमिस्टरला परत आला, पण काही जण येत नाहीत, आणि त्यांचा विषय सभेत पुन्हा निघत नाही. याचा मला अजून राग आहे.

जिन्यालगत दर वर्षीचे 'कॉम्पोझिट' टांगलेले आहेत : प्रत्येकाचा कोट-टायमधला छोटा फोटो, ओळीने, खाली नाव. चढताना वर्षं मोजत जावं. कित्येक दशकं एकही काळा-सावळा चेहरा नाही. अनेक फ्रॅटर्निटींच्या नियमांत तेव्हा गोऱ्या ख्रिश्चनांनाच प्रवेश होता. म्हणूनच 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली, जिचे पुढे मार्टिन ल्यूथर किंग सदस्य झाले. कमला हॅरिस ज्या 'अल्फा कॅपा अल्फा'च्या, ती मुलींची संस्था 1908 ची, हॉवर्ड विद्यापीठातली. देशी मुलांच्याही फ्रॅटर्निटी आहेत, नव्वदच्या दशकापासून. मी तिकडे गेलो नाही. देशी मंडळी मला किराणा दुकानात आणि क्रिकेटच्या मैदानावर भेटतच होती.

आता रॅगिंग. इथे त्याला 'हेझिंग' म्हणतात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्येच झाला. इथे 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात टिमोथी पियाझा हा दुसऱ्या वर्षाचा मुलगा बिड स्वीकारण्याच्या रात्री दारू पाजल्यावर पडला आणि त्यात त्याचा जीव गेला, आणि पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने कडक कायदा केला. देशभरासाठीचा कायदा डिसेंबर 2024 मध्ये आला. आमच्याकडे मारहाण वगैरे कधी पाहिली नाही. पण फक्त नवख्यांनी भांडी घासायची, ही पद्धत होती. नियमाने तेही हेझिंगच. ती बंद करून पाळी सगळ्यांना लावायचा ठराव आला, तेव्हा सर्वांत जास्त विरोध कोणी केला असेल? आदल्या वर्षी ज्यांनी घासली होती त्यांनी. ''आम्ही केलं, मग यांनी का नाही?'' हे वाक्य मी आमच्या दादाच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलच्या गोष्टींमध्ये शब्दशः ऐकलेलं आहे. ठराव थोडक्यात पास झाला.

एमएस करायला येणाऱ्यांचा याच्याशी जवळपास संबंध येत नाही, हे सगळं पदवीच्या मुलांचं. बारावीनंतर येणार असाल तर जरूर रशला जा. विद्यापीठाने छापलेला हेझिंगचा अहवाल आधी वाचा, नव्या कायद्याने तो जाहीर करावाच लागतो. मग वर्षाचा सगळा खर्च लेखी मागा. कोणी टाळाटाळ केली, तर बर्गर खा आणि खोलीवर परत या.