क्रिएटिनचा डबा
आज क्रिएटिनचा, म्हणजे व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात त्या पावडरचा, डबा घरी आला आणि आईचा पहिलाच प्रश्न, "हे स्टिरॉइड नाही ना रे?" नाही गं. मटण-मासळीत असतं तेच. आपण शाकाहारी, म्हणून स्नायूंत साठा मुळातच कमी. साधं मोनोहायड्रेट (क्रिएटिनचा नेहमीचा प्रकार), रोज 3 ते 5 ग्रॅम, बास. गार पाण्यात मात्र विरघळता विरघळत नाही, ग्लासच्या तळाशी वाळूसारखं बसतं. जिममधला दादा आठवडाभर रोज 20 ग्रॅम घे म्हणत होता. त्याने साठा लवकर भरतो इतकंच, वर पोट बिघडायची शक्यता. बाबांनीही चमचा पुढे केला होता, पण त्यांना किडनीचा त्रास. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि हो, रक्ततपासणी असेल तर क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. किडनी ठणठणीत असली तरी क्रिएटिनिनचा (किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो घटक) आकडा त्याने थोडा वर सरकू शकतो.