ऑपरेशन की रेडिएशन: बाबांनी ठरवायचं

देवगड, बुधवार, रात्री

बाबांना प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे. पहिल्या डॉक्टरांसारखं मुंबईच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: ऑपरेशन चालेल, रेडिएशनही चालेल, तुम्ही ठरवा. डॉक्टरांनी सांगायचं आणि आपण मान डोलवायची, एवढंच आमच्या घरी माहीत. परतीच्या तुतारी एक्स्प्रेसमध्ये कणकवली येईपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले, "मगे हे शिकले कित्याक?"

(जाणाऱ्यांसाठी: हॉस्पिटलचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपरचं तिकीट माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते.)

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, ११. ग्लीसन, म्हणजे बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, ३+४, म्हणजे ७. गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे, हाडं स्वच्छ, तिथे पसरलेला नाही. ग्लीसन ६ असता तर बहुधा नुसती नजर ठेवू म्हणाले असते, म्हणजे ठरावीक महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी. आईला हे ऐकूनच पटलं नाही. कॅन्सर आहे आणि औषध नाही, असं कुठे असतं? पण ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांचा अभ्यास झाला. आजार ग्रंथीतच असलेल्यांपैकी काहींवर नजर ठेवली, काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं. १५ वर्षांनंतरचे आकडे २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के लोक या कॅन्सरने गेले नव्हते. थोडक्यात, बाबांचं भांडण मरणाशी कमी आणि लघवीशी जास्त.

ते डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर बॉलपेनने काढूनच दाखवलं. मूत्राशयाच्या खाली सालासकटच्या सुपारीएवढी ग्रंथी, तिच्या मधून लघवीची नळी. ग्रंथी काढली की नळी पुन्हा मूत्राशयाला शिवायची. मग आठवडा-दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवी पिशवीत नेणारी बाहेरची नळी, त्यानंतर काही महिने गळती आणि पॅड. बहुतेकांची थांबते, काहींची थोडी राहते. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. नफा असा की ग्रंथी बाहेर येते, तपासता येते, आणि पुढे पीएसए वाढलाच तर रेडिएशन हातात राहतं. उलट क्रमाने जायचं तर, रेडिएशननंतरचं ऑपरेशन फार किचकट.

रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस असे चार आठवडे, २० वेळा. शिवाय सहा महिने पुरुषी हॉर्मोन दाबणारी इंजेक्शनं, म्हणजे अंगातून गरम वाफा, थकवा. मशीनवर काही मिनिटंच, पण दर वेळी पोट साफ आणि मूत्राशय भरलेलं हवं. पाणी पिऊन थांबायचं. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला हे सांगताना टेक्निशियनच हसला. बाबाही हसले, मुंबईतलं त्यांचं एकमेव हसू.

एक विषय मात्र आम्हा कोणालाच काढता येत नव्हता. दोन्ही उपचारांत ताठरता कमी होऊ शकते, ऑपरेशननंतर लगेच, रेडिएशननंतर हळूहळू. डॉक्टरांनी विषय काढला तसे बाबा घाईघाईने म्हणाले, "ह्या वयात त्याचा काय?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, काकांशी पाच मिनिटं एकट्याने बोलतो. मी बाहेर आलो. काय बोलले ते विचारलं नाही, विचारणारही नाही. पण हा माणूस मला तिथेच आवडला. गावात ७२ वर्षांच्या माणसाला असं वेगळं बसवून कोण विचारतं?

आज जेवताना बाबांनी आपणहून सांगितलं. रेडिएशन, आणि तेही कोल्हापूरला. मुंबईत महिनाभर कोणाच्या घरी पसरायचं? कोल्हापूरला आत्येभाऊ आहे, घाट चढला की पोचलो. पॅड लावून बागेत फिरणं त्यांना नको, आणि नोव्हेंबरपासून आंब्याच्या कलमांवर नजर ठेवावी लागते. माझा कल ऑपरेशनकडे होता. एकदाच काय तो निकाल लागतो, असं मला वाटतं. पण लघवी त्यांची, कलमं त्यांची.

"पण चतुर्थी झाल्याशिवाय मी खयच जावचंय नाय," हेही लगेच आलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चालेल, इंजेक्शन आत्ता सुरू करू, रेडिएशन त्यानंतरच द्यायचं असतं. सोमवारी पहिलं. त्याआधी आईचा प्रश्न विचारायचा आहे: इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात म्हणे, मग कॅल्शियमची गोळी आधीपासून द्यायची का?